विक्रमी वृक्ष

उंची, खोडाचा घेर, लाकडाचे घनफळ, वय किंवा पर्णविस्तार यांपैकी एखाद्या मापात जगात अव्वल ठरलेला वृक्ष. प्रत्येक मापाचा मानकरी वेगळा असतो. त्यामुळे ‘जगातले सर्वांत मोठे झाड’ हे विधान माप सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

उंचीत कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ हा रेडवुड पहिला (२०१९ मध्ये ११६.०७ मी.). घनफळात तिथलाच ‘जनरल शर्मन’ हा सेक्वोया. उंची जेमतेम ८४ मी., पण खोड सुमारे १,४८७ घ. मी. विस्तारात आंध्र प्रदेशातील कदिरीजवळचा ‘तिम्मम्मा मर्रिमानू’ हा वड सुमारे १९,००० चौ. मी. जागा व्यापतो. हावड्याच्या शिबपूर उद्यानातील वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकले. झाड तेव्हापासून पारंब्यांवरच उभे आहे.

मोजणी : घेर जमिनीपासून १.३७ मी. (साडेचार फूट) उंचीवर, फीत खोडाच्या अक्षाला काटकोनात धरून घेतात, त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. मुंबईत इथेच घोळ होतो. दरवेळी नवा थर चढून रस्ता उंचावतो, बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसतात किंवा पार बांधला जातो. मग फीत प्रत्यक्षात दोन-दोन फूट वर लागते आणि घेर कमी भरतो. वडाच्या बाबतीत उलटे घडते : खोडाला चिकटलेल्या पारंब्या फितीत आल्या की घेर फुगतो. राणीच्या बागेतल्या आणि वसई किल्ल्यातल्या गोरखचिंचा मोजायला त्या मानाने सोप्या, पण घेरावरून त्यांचे वय काढू नये. अनेक गोरखचिंचांचे खोड मुळात एकाहून अधिक खोडे जुळून बनलेले असते. शिवाय खोडातल्या वाढीच्या वलयांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून वय रेडिओकार्बन पद्धतीने (लाकडातल्या किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून) ठरवतात.

उंचीतली नेहमीची चूक म्हणजे शेंडा थेट बुंध्याच्या वर आहे असे गृहीत धरणे. ३० मी. अंतरावरून शेंडा ४५ अंशांत दिसला, तर डोळ्याची उंची धरून सुमारे ३१.५ मी. उत्तर येते. पण शेंडा आपल्याकडे ४ मी. झुकलेला असेल तर खरी उंची २७.५ मी.च असते. लेसर अंतरमापकाने शेंड्यापर्यंतचे तिरके अंतर घेऊन त्याला कोनाच्या साइनने गुणले की ही चूक टळते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे शेंड्यापर्यंत चढून फीत खाली सोडणे. मलेशियातील सबाह राज्यातला १००.८ मी. उंच ‘मेनारा’ २०१९ मध्ये असाच मोजला गेला.

वय मोजताना भोकयंत्राने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढून वलये मोजतात. कॅलिफोर्नियातील ‘मथुसेला’ हा ब्रिसलकोन पाइन ४,८०० वर्षांहून जुना आहे. त्याच जातीचा नेवाडातील ‘प्रॉमिथियस’ मात्र १९६४ साली संशोधनासाठी तोडला गेला आणि तो तितकाच जुना होता हे तोडल्यावर कळले.

प्रसिद्धीचाही झाडाला त्रास होतो. हायपेरियनभोवती पर्यटकांनी माती तुडवून घट्ट केली. २०२२ मध्ये तो भाग बंद करून ५,००० डॉलरपर्यंत दंड जाहीर करावा लागला.

महाराष्ट्राच्या शहरी भागांत २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार ५० वर्षे वा त्याहून जुने झाड वारसावृक्ष ठरते आणि एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. सागाची वलये स्पष्ट असतात. वडाची, आंब्याची तशी नसतात. म्हणून अशा झाडांचे वय ठरवताना घेरासोबत जुनी छायाचित्रे आणि नकाशेही तपासावेत.