लाकडावरची अळमी विषारी नसते?

पावसाळ्यात गोव्यात सत्तरी-सांगेकडच्या रानात पडलेल्या फांद्यांवर अळमीच्या, म्हणजे बुरशीच्या, इवल्या छत्र्या उगवल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'मातीतली विषारी, लाकडावरची चालते.' हे खरं नाही. गालेरिना मार्जिनाटा ही विषारी छत्री कुजक्या लाकडावरच वाढते. ती थंड प्रदेशातली, पण तिच्यात अमॅटॉक्सिन हे यकृत निकामी करणारं विष असतं. ते शिजवूनही जात नाही आणि त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो. लसूण किंवा चांदी काळी पडते का, ही परीक्षाही तितकीच पोकळ.

आपल्याकडची खायची अळमी वारुळावर उगवते. तिच्या ओळखीवर फांदीवरचं काही ठरवू नये.

मग ओळखायचं कसं? रंगावरून तर नाहीच. पावसाने तो बदलतो. बुरशी उलटून पाहा, खाली पाती (पातळ उभे पडदे) आहेत की बारीक छिद्रं? शिझोफायलम कम्यून ही पांढुरकी, केसाळ, पंख्यासारखी बुरशी फांद्यांवर सर्रास दिसते. तिची पाती उभी चिरलेली असतात. कोरड्यात ती आत वळतात, ओल मिळताच उघडतात. तिच्यासारखीच बिनदेठाची क्रेपिडोटस मात्र वेगळी. टोपी पाती खाली करून पांढऱ्या कागदावर रात्रभर वाटीखाली ठेवा: क्रेपिडोटसचे बीजाणू तपकिरी पडतात. शिझोफायलमचे पांढरे असतात, म्हणून अर्धा कागद काळा घ्यावा. फांदी कोणत्या झाडाची, हेही लिहून ठेवा. एवढं करूनही पुष्कळ जातींना सूक्ष्मदर्शक लागतोच, आणि नुसत्या मोबाईलच्या फोटोवर नाव सांगणाऱ्याच्या भरवशावर कढई चढवू नये.