जुना ट्रॅक्टर विकायला काढताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विकायचं ठरलं की घरात पहिला विषय निघतो रंगाचा. ट्रॅक्टरला रंग मारू नका. जाणकार गिऱ्हाईक ताजा रंग दिसला की आधी मडगार्डच्या कडा, हेडचे बोल्ट आणि गिअरबॉक्सचा जोड तपासतो, कारण वेल्डिंग आणि तेलगळती झाकायला रंगाइतकं स्वस्त काही नाही. कारखान्याचा मूळ रंग फिकट, सोललेला असला तरी चालतो. रंगाचे पैसे टायर-बॅटरीला किंवा कागदपत्रांना लावा, ते किमतीत परत येतात.

आमच्याकडे तपासणीला गाडी आणणाऱ्या ग्राहकांसाठीचं हे पत्रक मॅसी १०३५, महिंद्राचा इंटरनॅशनल बी-२७५, फोर्ड ३६००, एचएमटी झेटर २५११, हवेवर थंड होणारा एक सिलिंडरचा आयशर, स्वराज ७२४ अशा गाड्यांसाठी आहे. आयशर १९५९ पासून फरिदाबादला, झेटर २५११ एचएमटीच्या पिंजोर कारखान्यात १९७१ पासून आणि स्वराज ७२४ मोहालीला १९७४ पासून बनू लागला. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत आता अरुंद ओळींतून मिनी ट्रॅक्टर फिरतात, त्यामुळे या गाड्या ट्रॉली ओढायला राहिल्या किंवा शेडमध्ये उभ्या राहिल्या.

घेणारा कोण, त्यावर भाव

कामासाठी घेणारा शेतकरी इंजिन, लिफ्ट (अवजार उचलणारी यंत्रणा) आणि टायर बघतो. त्याची मागणी खरिपाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, आणि पुन्हा दसरा-दिवाळीला असते. पार्ट सहज मिळणारी गाडी तो पसंत करतो, म्हणून मॅसी १०३५ लवकर जाते आणि एअर कूल्ड आयशर रेंगाळतो.

हौशी घेणाऱ्याचं गणित उलटं. त्याला मूळ बोनेट, मूळ बिल्ला, लुकासचा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा), ऑइल बाथ एअर क्लीनर (तेलात धूळ अडकवणारा), कंपनीचं पुस्तक आणि टूलबॉक्स हवा असतो. फाटका टायर त्याला फारसा खुपत नाही. नाशिकच्या आसपास कृषी पर्यटन केंद्रं आणि वायनऱ्या वाढल्या, तसं हे गिऱ्हाईकही वाढलं. मागे कधी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर जुना डायनॅमो भंगारात देऊ नका, गाडीसोबत द्या.

तिसरा भंगारवाला. तो वजनावर भाव लावतो आणि अशी गाडी साधारण दीड ते पावणेदोन टन भरते. चालू गाडी त्या भावात देऊ नका. बंद गाडीचाही नोझल पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा), लिफ्टचं सामान आणि गिअर सुटे विकले तर बहुधा जास्त येतात. मोडीत काढलीच तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या.

वर्षानुवर्षं उभी गाडी चालू करताना

दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून चालू करू नका. लाइनरला (सिलिंडरच्या आतल्या नळीला) गंज धरून पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतील तर ओढताच रिंग तुटते, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये वीस-पंचवीस मिलीलिटर इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस राहू द्या, मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. एअर क्लीनर आणि सायलेन्सरमध्ये उंदराचं घरटं नाही ना, हेही बघा.

जुनं डिझेल पूर्ण काढा. टाकीच्या तळाशी पाणी आणि चिकट गाळ असतो, तो धुवा, नवा फिल्टर घाला, पाच-दहा लिटर ताजं डिझेल भरा. आता हवा काढायची. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा आणि तेच नोझल पंपाच्या स्क्रूवर करा. मग स्टॉप (इंजिन बंद करायची दांडी) ओढून ठेवून सेल्फ (स्टार्टर) दहा-दहा सेकंद मारा, म्हणजे ऑइल प्रेशर चढेपर्यंत इंजिन सुरू होणार नाही. प्रेशर आलं की स्टॉप सोडा, नोझलच्या पाइपांचे नट जरा सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल उडायला लागलं की आवळा.

रोटरी पंप (नोझल पंपाचा एक प्रकार) असलेल्या गाडीत एक धोका आहे. बरेच दिवस उभा राहिल्यावर पंपातला मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेलचं प्रमाण ठरवणारा) अडकतो आणि चालू झालेलं इंजिन स्टॉप ओढूनही बंद होत नाही, उलट वेग चढत जातो. पहिल्यांदा चालू करताना इंजिनात हवा जाते त्या तोंडाच्या मापाची जाड फळी एकाच्या हातात तयार ठेवा. फळीने तोंड दाबलं की इंजिन गुदमरून थांबतं. हात कधीच लावू नका.

गिऱ्हाईक येतं तेव्हा

इंजिन आधीच तापवून ठेवू नका. मुरलेला गिऱ्हाईक आल्या आल्या बोनेटवर हात ठेवतो आणि ते गरम लागलं की गाडी सकाळी नखरे करते असं धरून चालतो. निफाडच्या डिसेंबरातल्या थंडीत गार इंजिन जरा जास्त सेल्फ घेणारच. मॅसीला थर्मोस्टार्ट (आत जाणारी हवा तापवणारा) असतो. किल्ली त्या खुणेवर पंधरा-वीस सेकंद धरून मग सेल्फ मारायचा, हे दाखवून द्या.

सुरुवातीचा पांढरा धूर एक-दोन मिनिटांत विरायला हवा. तो राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. लोड नसताना काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर आणि नोझल बघा, हे काम स्वस्त आहे आणि विक्रीआधी करून घ्यावं. रिंग-लाइनरचं काम मात्र विकण्यासाठी म्हणून करू नका. तो खर्च भावात क्वचितच वसूल होतो, आणि घेणाऱ्याला ते काम आपल्या मिस्त्रीकडून करायचं असतं.

ऑइल बाथचं भांडं तो उघडून बघणार. तळाशी चिखलासारखा थर आणि तेल खुणेच्या खाली असेल तर इंजिनाने धूळ खाल्ली असं तो समजतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच समजतो. इंजिन ऑइल विक्रीच्या आदल्या दिवशी बदलू नका, काहीतरी लपवल्यासारखं दिसतं. महिनाभर आधी बदला आणि गाडी चालवत राहा.

लिफ्ट दाखवताना मॅसीची एक खोड लक्षात ठेवा. जुन्या मॅसीत लिफ्टचा पंप पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवर) चालतो. पीटीओचा लिव्हर टाकलेला नसेल तर लिफ्ट हलतच नाही आणि अनोळखी गिऱ्हाईक ती मेलेली समजून परत जातो. कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद करा. तो बराच वेळ वर राहिला तर ठीक. काही मिनिटांत खाली आला तर सिलिंडरची रिंग किंवा व्हॉल्व्ह गळतोय. या गाडीत गिअरबॉक्स आणि लिफ्टचं तेल एकच असतं. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आत जातं आणि तेल दुधाळ होतं. रबर बदलून, तेल काढून नवं भरलं की काम झालं. एवढ्याशा रबरावरून सौदा मोडू देऊ नका.

कागद

सौदे सगळ्यात जास्त इथेच अडकतात. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर वेळी ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्याचा फॉर्म २५. मुदत संपलेली असेल तर आधी तपासणी करून ती वाढवा. आरसी बुक (नोंदणीचं पुस्तक) हरवलं असेल तर पोलिसात गहाळ तक्रार आणि फॉर्म २६. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, ती नसेल तर पुढची कामं अडतात. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते. ट्रॉली सोबत देणार असाल तर तिचेही कागद काढा.

गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील गेलेत, असं बऱ्याचदा असतं. अशी गाडी परस्पर विकता येत नाही. मृत्यू दाखला, वारसांचे पुरावे, बाकी वारसांची संमती आणि फॉर्म ३१ देऊन आधी एका वारसाच्या नावावर करून घ्या. बहिणींच्याही सह्या लागतात. विसार घ्यायच्या आधीच घरात बसून हे मिटवा.

आरसीवर बोजा (कर्जाची नोंद) असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. जुन्या गाड्यांवर भूविकास बँकेचा बोजा सापडतो. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहिलेली. या बँका अवसायनात (बंद करून हिशेब मिटवायला) निघाल्या आहेत, त्यामुळे दाखल्यासाठी अवसायकाकडे जावं लागतं. चौकशी जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करा. सातबाऱ्याच्या इतर हक्कातही तोच बोजा असू शकतो, एकाच फेरीत दोन्ही बघा.

चेसिस नंबरचा ठसा लागतो. पाटी रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका. घासलेले आकडे तपासणीत खोडलेले वाटतात. पाटीवर पातळ कागद चिकटपट्टीने घट्ट बसवून पेन्सिल आडवी फिरवली की आकडे उमटतात. इंजिन कधी बदललेलं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल तर ते आम्हाला आधीच सांगा.

विक्री झाली की फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या होतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गाडी पेठ-सुरगाण्याकडून गुजरातेत जाणार असेल तर फॉर्म २८ चा ना हरकत दाखलाही लागतो आणि तुमची मुदत ४५ दिवसांची होते. ‘सह्या करून देतो, नावावर तुझं तू कर’ असं करू नका. नोंदणीत नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

विसार आणि पैसे

विसार पावतीवर चेसिस नंबर, इंजिन नंबर, ठरलेली रक्कम, उरलेली रक्कम कधी द्यायची ती तारीख आणि सोबत काय काय जाणार हे लिहा. ‘अवजारांसह’ एवढंच लिहिलं की नांगरावरून भांडण ठरलेलं. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही. ती खात्यावर घ्या, आणि जमा झाल्याचं खात्रीनं दिसल्यावरच किल्ली द्या.

लांब न्यायची असेल तर गाडी ट्रकवर चढवून गिअरमध्ये ठेवा, साखळी ॲक्सलला बांधा, स्टेअरिंगच्या रॉडला नाही. उभ्या सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा घाला. पाऊस लागला तर पाणी थेट इंजिनात उतरतं.

आमच्याकडे तपासणीला येताना आरसी, विम्याचा कागद, असतील तेवढी जुनी बिलं आणि सगळ्या किल्ल्या आणा. गाडी धुतली तर डायनॅमो, सेल्फ आणि हवेच्या तोंडावर पाण्याचा फवारा मारू नका.