अमेरिकेला शिकायला जाताय? गोवर-कांजिण्यांची अँटिबॉडी चाचणी कोणी करायची, कागद कोणते लागतात

आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं पत्र, हातात येतो, व्हिसाची तारीख मिळते आणि मग विद्यापीठाचा मेल येतो: लसीकरणाचा पुरावा द्या, नाहीतर रजिस्ट्रेशनवर होल्ड. मे-जूनमध्ये आमच्या लॅबच्या काउंटरवर हा फॉर्म घेऊन मुलं येतात. “लहानपणी गोवर होऊन गेलाय, आईला आठवतंय,” एवढंच बऱ्याच जणांकडे असतं. आईची आठवण खरी असते, पण फॉर्मला तारीख किंवा रिपोर्ट हवा असतो. तारीख नसेल तर रक्तातल्या संरक्षक अँटिबॉडींचा, म्हणजे आयजीजीचा, रिपोर्ट चालतो.

नियम कोणाला लागू?

न्यूयॉर्क राज्याचं उदाहरण घेऊ. १ जानेवारी १९५७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि सत्राला सहा किंवा जास्त क्रेडिट घेणाऱ्या विद्यार्थ्याला गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींचा पुरावा द्यावा लागतो. गोवराचे दोन डोस, बाकी दोन्हींचा एकेक. गोवराचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराचा किंवा नंतरचा, दुसरा त्यानंतर किमान २८ दिवसांनी. इतर राज्यांत आणि विद्यापीठांत नियम वेगळे असतात, म्हणून आपला फॉर्म ओळ न ओळ वाचा. नर्सिंग किंवा रुग्णांशी संबंध येणाऱ्या अभ्यासक्रमांना कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडीही बहुधा मागतात.

आपली मुलं अडकतात ती इथे. परवा एक मुलगी आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं पिवळं पडलेलं कार्ड घेऊन आली. ‘गोवर’समोर शिक्का होता, तारीख जन्मानंतर बरोबर नऊ महिन्यांची. आपल्या सरकारी वेळापत्रकाप्रमाणे अगदी योग्य, पण वर्षाच्या आतला डोस तिकडे मोजत नाहीत. गालगुंडाची लस तर सरकारी कार्यक्रमात नव्हतीच. नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत शाळेत गोवर-रुबेलाचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते कार्ड नक्की शोधा. तो डोस धरला जाऊ शकतो.

एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचे, दोन डोस तारखांसह लिहिलेले असतील तर चाचणी करू नका. लिखित डोस पुरेसे असतात. उगाच केलेला रिपोर्ट काठावर आला तर नसता घोळ होतो.

लॅबमध्ये काय आणायचं?

विद्यापीठाचा फॉर्म, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्टची झेरॉक्स आणि जुनं लसीकरण कार्ड. उपाशी येण्याची गरज नाही. हातातून थोडं रक्त घेतात, बस्स.

नाव पासपोर्टप्रमाणेच सांगा. वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे आणि रिपोर्टवर नाही, तर पोर्टलवर कागद परत येऊ शकतो. रिपोर्ट लेटरहेडवर, इंग्रजीत, सहीनिशी हवा. रक्त घेतल्याची तारीख आणि नुसतं ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता आकडा व संदर्भ मर्यादाही (कितीच्या वर पॉझिटिव्ह धरतात ते) असू द्या. चिठ्ठीवर ‘आयजीजी’च लिहिलंय ना, तेही बघा. आयजीएम ताज्या संसर्गासाठी असते, ती इथे उपयोगाची नाही.

रिपोर्ट आल्यावर

पॉझिटिव्ह, म्हणजे अँटिबॉडी आहेत असा, आला तर अपलोड करा. ‘इक्विव्होकल’, म्हणजे काठावरचा, आला तर तो निगेटिव्हच धरून चाला. हिपॅटायटिस बीसाठी १० मिलि-आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर ही किमान मर्यादा असते. कांजिण्या होऊन गेल्या असतील तर आयजीजी सहसा सापडते. लस घेतलेल्यांत मात्र नेहमीच्या चाचणीत ती हुकू शकते, म्हणून लसीच्या तारखा जपा.

निगेटिव्ह आला तर लस घ्यायची. घाबरायचं कारण नाही, पण दिवस जातात: एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्या, नाहीतर २८ दिवसांचं अंतर ठेवा. गरोदरपणात या लसी देत नाहीत. फॉर्मवर टीबीची चाचणीही असेल तर ती आधी किंवा लसीच्याच दिवशी करा, नंतर केली तर चार आठवडे थांबावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे जुलैअखेर धावपळ करणारी मुलं मी पाहिलीत, फार जीव तुटतो.

त्या कार्डवाल्या मुलीचा गोवर आणि रुबेला पॉझिटिव्ह आला, गालगुंड निगेटिव्ह. तिच्या विद्यापीठाला गालगुंडाचेही दोन डोस हवे होते. पहिला तिने त्याच आठवड्यात घेतला, दुसरा विमानाच्या आठ दिवस आधी. मे महिन्यात आली होती म्हणून जमलं.