मेंदूला हादरा बसणे (मुका मार)

डोक्यावर आपटल्याने किंवा अंगाला जोराचा हिसका बसल्याने मेंदूचे काम काही काळ बिघडते, याला मेंदूला हादरा बसणे किंवा कन्कशन म्हणतात. बाहेर जखम असतेच असे नाही आणि सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही दिसत नाही. डोक्याचा मुका मार तो हाच. विदर्भातल्या खेड्यांत तो बसतो बैलबंडीवरून किंवा मोहाच्या झाडावरून पडून, शंकरपटात (बैलांच्या शर्यतीत), कबड्डीच्या मैदानात आणि हेल्मेट न घालता चालवलेल्या मोटारसायकलीवर.

शुद्ध हरपली नाही म्हणजे डोक्याला काही झाले नाही, हा सर्वांत घातक गैरसमज. हादरा बसलेले बहुतेक लोक बेशुद्ध पडतच नाहीत. कापसाची बंडी उलार होऊन माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो, बैलही सोडतो. मग विचारतो, “मी पडलो कसा गा?” सांगितले की मान डोलावतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारतो. सोबतच्यांना वाटते, भेदरला आहे. खरे तर नवी आठवण मेंदूत ठरत नसते. म्हणून नाव-गाव विचारून भागत नाही, ती जुनी माहिती शाबूत राहते. सकाळी कोणत्या वावरात होता, भाजी कोणती खाल्ली, हे विचारावे.

डोकेदुखी, मळमळ, भोवळ, अंधुक दिसणे, उजेड व आवाज सहन न होणे, बोलण्यात संथपणा, चिडचिड आणि झोपेत बदल ही इतर लक्षणे. काही तासाभरात दिसतात, काही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तान्ह्या मुलाला सांगता येत नाही. ते सारखे रडते, दूध घेत नाही किंवा सुस्त पडून राहते.

या भागात निदान चुकण्याची खास कारणे आहेत. मे महिन्यात भोवळ आणि उलटी म्हटले की ऊन लागले असे ठरते. कपाशीच्या हंगामात तीच लक्षणे फवारणीच्या विषबाधेची वाटतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, त्यामुळे ती शंका रास्तच आहे. उष्माघातात अंग तापते. अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात. पण उन्हाने भोवळ येऊन पडलेल्याचे डोकेही आपटलेले असू शकते, म्हणून टाळू आणि मागची बाजू चाचपून टेंगूळ आहे का ते पाहावेच. दारू प्यायलेल्याला ‘उतरेल’ म्हणून झोपू देणे सर्वांत वाईट, कारण नशेखाली मेंदूतला रक्तस्राव झाकला जातो.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, आकडी (फिट), एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, एक बाहुली लहान व एक मोठी दिसणे, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, हाक मारूनही नीट न उठणे: यातले एकही दिसले तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याला लक्षणांची वाट न पाहता न्यावे. कवटीखाली रक्त साचताना माणूस कधी कधी मध्ये तास-दोन तास चांगला बोलतो आणि मग झपाट्याने ढासळतो. मेळघाटातून किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावांतून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठायलाच तेवढा वेळ लागतो, तेव्हा तिथे लवकर निघणे हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो. डॉक्टर शुद्धीची पातळी 1974 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे तयार झालेल्या मापनावर मोजतात. 15 पैकी 13 ते 15 गुण असल्यास इजा सौम्य मानतात.

हादरा बसलेल्याला रात्रभर जागे ठेवण्याची गरज नसते. तपासून घरी पाठवलेल्याला झोपू द्यावे, पण पहिली रात्र कोणीतरी जवळ असावे. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन टाळावी. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू कामाला लागावे. मोठ्यांना बरे व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, मुलांना महिनाभरही लागू शकतो. कबड्डीत डोके आपटलेल्या पोराला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, तो कितीही ‘बरा आहो’ म्हणाला तरी. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला अचानक सूज येऊन जीव जाऊ शकतो.