वेब-प्रणालींतील अक्षरसंकेतन

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा द्यायचा आणि तो किती बाइटांत (साठवणीच्या लहान एककांत) लिहायचा, हे ठरवणाऱ्या नियमांना अक्षरसंकेतन किंवा रूढ भाषेत कॅरेक्टर एन्कोडिंग म्हणतात. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणकात ‘म’चा क्रमांक २३५० आहे, केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत तो २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांत लिहिला जातो. त्यामुळे म, र, काना, ठ आणि वेलांटी मिळून ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटांचा होतो.

मजकूर ब्राउझरमधून सर्व्हरकडे, तिथून डेटाबेसमध्ये आणि पुन्हा ब्राउझरकडे जातो. या फेऱ्यात बाइट तेच राहूनही त्यांचा अर्थ बदलू शकतो. वरचे तीन बाइट विंडोज-१२५२ या जुन्या, एकबाइटी रोमन संकेतनानुसार वाचले, तर ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. एवढ्यावर निभावले तर मूळ मजकूर परत मिळतो. परंतु न ओळखलेल्या अक्षरांच्या जागी डेटाबेसने प्रश्नचिन्हे साठवली, की तो कायमचा जातो. म्हणून पानाचे संकेतन सर्व्हरच्या हेडरमध्ये (पानाआधी पाठवल्या जाणाऱ्या माहितीत) आणि पानाच्या पहिल्या १,०२४ बाइटांतही जाहीर करावे. दोहोंत विसंगती असल्यास ब्राउझर हेडरचे ऐकतो.

मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीतील ‘यूटीएफ८’ नावाचा जुना अक्षरसंच प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरी त्यात नेमकी बसत असल्याने दोष लपून राहतो आणि कोणी मजकुरात इमोजी लिहिला की उघडा पडतो: सेटिंगनुसार नोंद नाकारली जाते किंवा इमोजीपासूनचा मजकूर कापला जातो. यावर ‘यूटीएफ८एमबी४’ हा चार बाइटांचा संच वापरावा.

सगळीकडे यूटीएफ-८ असले तरी मराठीचा एक प्रश्न उरतोच, आणि तो बहुतेक मार्गदर्शिकांत सापडत नाही. ‘वाऱ्यावर’मधील अर्धा र तीन प्रकारे टंकित होतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) देऊन, किंवा ‘र’ व हलन्तानंतर शून्य रुंदीचा जोडक (अक्षरांची जोडणी ठरवणारे अदृश्य चिन्ह) घालून. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, पण साध्या शोधात एक रूप दुसऱ्याला सापडत नाही. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एकरूप देणारे युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण पहिली दोन रूपे एक करते. तिसऱ्याला ते हात लावत नाही. त्यातच मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याची पद्धत रूढ आहे. ती इथे घातक ठरते, कारण जोडक गेला की अर्ध्या र-चा रेफ (पुढच्या अक्षराच्या डोक्यावरचा र) होतो आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना लिहिलेले वाक्य ‘आचार्यांना’ उद्देशून होऊन बसते. म्हणून र, हलन्त व जोडक ही मालिका आधी ‘ऱ’ व हलन्तात बदलावी आणि मगच उरलेली सफाई करावी. हाच नियम साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी लावावा.