सेप्टिक टाकीसाठी जागा कशी तपासायची आणि परवानगीच्या फाइलला काय काय लागतं (ठाणे जिल्हा)

मुरबाड, शहापूर, वांगणीकडे घर बांधायला निघालेली ठाणे-नवी मुंबईची मंडळी नकाशा घेऊन येतात, तेव्हा त्यात गच्ची असते, गाडीची जागा असते, तुळशीवृंदावनसुद्धा ठरलेलं असतं. सेप्टिक टाकी मात्र मागच्या कोपऱ्यात उरलेल्या जागेत एक चौकोन. त्या चौकोनाखाली मुरूम आहे की कातळ, हे कोणी बघितलेलं नसतं. खरं तर घर कुठे बसवायचं हे त्यावरूनच ठरायला हवं.

आधी तुम्हाला हे लागू आहे का ते बघा. वाशी, नेरूळ, घोडबंदर रोड अशा भागांत जिथे महापालिकेची मलवाहिनी प्लॉटजवळून जाते, तिथे सेप्टिक टाकीचा प्रश्नच नाही, मलवाहिनीची जोडणीच घ्यायची. प्रश्न आहे तो मलवाहिनी न पोहोचलेल्या गावठाणांचा, येऊरसारख्या डोंगरातल्या वस्त्यांचा आणि ग्रामीण तालुक्यांचा.

सेप्टिक टाकीसाठी सहसा वेगळा अर्ज करावा लागत नाही. ती बांधकाम परवानगीच्या नकाशातच दाखवायची असते. गावठाणात ग्रामपंचायत, महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत तिथला नगररचना विभाग, गावठाणाबाहेर महसूल आणि नगररचना. काही गावांना एमएमआरडीए किंवा सिडको हे नियोजन प्राधिकरण आहे. आपलं गाव कोणाकडे, हे ग्रामपंचायतीत एका चहात कळतं. शहरी हद्दीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारं घर असेल, तर नकाशा आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी, आणि १५० ते ३०० चौरस मीटरला दहा दिवसांची मुदत, अशी तरतूद २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत आली. सोय चांगली आहे. पण त्यामुळे जमीन तपासायची जबाबदारी आपल्यावर आणि आपल्या आर्किटेक्टवर जास्त येते.

कागदांत पहिला सातबारा. महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. तो नुसता जोडू नका, 'इतर हक्क' वाचा. ठाणे जिल्ह्यात तिथे खाजगी वनाची नोंद, कुळाचं नाव, तुकडेबंदीचा शेरा, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), आदिवासी खातेदार, काहीही निघू शकतं आणि फाइल तिथेच अडते. त्यासोबत आठ-अ, फेरफार, गावठाणात किंवा शहरात मालमत्ता पत्रक, भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत (प्लॉटच्या हद्दी दाखवणारा नकाशा), झोन दाखला (विकास आराखड्यात जमीन कोणत्या वापरासाठी आहे त्याचा), जिथे लागतो तिथे बिगरशेतीचा कागद, आधार आणि घरपट्टी किंवा शेतसाऱ्याची पावती. उल्हास नदीच्या बाजूला असाल तर पूररेषाही बघा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते आठवलं तरी पुरे. खाडीकाठी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध, बघावे लागतात.

स्थळनकाशा हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि तोच सगळ्यात घाईत काढला जातो. आपली विहीर दाखवतात, शेजाऱ्याची विसरतात. भारतीय मानक २४७० प्रमाणे शोषखड्डा (टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून १८ मीटरच्या आत नको. विहीर कोणाची, हे पाण्याला कळत नाही. बोअरवेल, नाला, उताराची दिशा, सगळं त्यात हवं. लहान प्लॉटवर हे १८ मीटर मोजून बघितले की शोषखड्ड्याला एकच कोपरा उरतो, कधी तोही नाही.

आता पाझर चाचणी, म्हणजे जमिनीत पाणी किती वेगाने मुरतं ते मोजणं. हिचा आकडा कार्यालयात मला आजवर कोणी मागितला नाही, तरी मी ती सोडत नाही. जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे त्याच्या खोलीइतका, वीतभर रुंदीचा खड्डा घ्यायचा. पहारेने बाजू खरवडायच्या, कारण फावड्याने माती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि पाणी मुरत नाही. तळाला पाच सेंटिमीटर जाड रेती किंवा बारीक खडी. मग खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी भरून रात्रभर सोडायचं, म्हणजे माती पुरती भिजते. सकाळी पाणी उरलं असेल तर ते खडीच्या वर १५ सेंटिमीटरवर आणायचं, पट्टी उभी करायची आणि अर्ध्या तासात किती उतरलं ते बघायचं. रात्रीत सगळं मुरलं असेल तर पुन्हा १५ सेंटिमीटर भरून, दर अर्ध्या तासाने मोजत, चार तास बसायचं. शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरायचा, आणि त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं.

पाणी २५ मिलिमीटर उतरायला ३० मिनिटं किंवा कमी लागली, तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब चर घ्यावेत. साठच्या वर गेलं, की जमीन पाणी पीत नाही. मग टाकीनंतर गाळणीसारखी दुसरी व्यवस्था लागते, खर्चही वाढतो.

ही चाचणी लोक मे महिन्यात उरकतात. माझंही एकदा तसंच झालं. मुरबाड रस्त्याच्या एका प्लॉटवर मेमध्ये पाणी वीस मिनिटांत उतरलं, मालक खूश. ऑगस्टमध्ये त्याच जागी दोन हात खणलं, तर खालून पाणी वर येत होतं. मुरमाच्या खाली कातळ, कातळावर पावसाचं पाणी साचलेलं. भूजल जमिनीपासून १८० सेंटिमीटरच्या आत असेल तर शोषखड्डा नको, चर भराव घालून उंचावर घ्यावे लागतात. म्हणून शेजारच्या विहिरीत श्रावणात पाणी किती वर असतं, ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. भेगाळलेल्या कातळातून तर घाण पाणी न गाळताच विहिरीपर्यंत जातं. पाणी झपकन मुरलं म्हणजे जमीन चांगली, असं तिथे समजू नका.

टाकीचं माप पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली किमान एक मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळं. नकाशात टाकीचा छेद, हवेचा पाइप आणि शोषखड्ड्यापर्यंतचा उतार दाखवा, नाहीतर त्रुटीचं पत्र येतं.

ग्रामीण भागात घरात शौचालय नसेल तर स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) चं १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान असतं. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबं, आणि त्यावरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, भूमिहीन मजूर, दिव्यांग व महिला कुटुंबप्रमुख यांच्यासाठी ते आहे. अर्जाला आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक लागतं. ग्रामसेवकांकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यंदाचं उद्दिष्ट शिल्लक आहे का, हे आधी विचारा.

आणि नकाशावर टाकीपासून फाटकापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. गाळ उपसणारी गाडी फाटकातून आत आली नाही, तर तिचा पाइप तरी टाकीपर्यंत पोहोचायला हवा. २०१३ च्या कायद्याने माणसाला सुरक्षा साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा आहे. झाकणावर फरशी बसवू नका.