सिरम कमी केलं की स्नायू तयार होतो

सी२सी१२ नावाच्या उंदराच्या, स्नायू बनू शकणाऱ्या पेशी बशीत वाढवताना एक गंमत दिसते. वासराच्या गर्भाच्या रक्ताचं सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) भरपूर, म्हणजे १० ते २० टक्के घातलं, की त्या नुसत्या दुणावत राहतात. बशी भरत आली की ते बंद करून घोड्याचं सिरम द्यायचं, तेही २ टक्केच. दोन-तीन दिवसांत पेशी लांबट होतात, एका दिशेला लागतात, एकमेकींत मिसळतात आणि अनेक केंद्रकांच्या नळ्या, म्हणजे कच्चे स्नायुतंतू, दिसू लागतात. स्नायू हवा तर खाणं तोडा, असा हा उलटा हिशेब.

या पेशींचा मूळ धागा १९६१ पर्यंत जातो. अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायुतंतूला चिकटून, बाहेरच्या आवरणाखाली दबून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांनी त्यांना ‘सॅटेलाइट’ म्हटलं आणि अंदाज बांधला, की या गर्भावस्थेतून उरलेल्या राखीव पेशी असाव्यात, इजा झाली की कामाला लागणाऱ्या. अंदाज बरोबर होता. १९७७ मध्ये इस्रायलमध्ये याफे आणि साक्सेल यांनी उंदराच्या मांडीच्या चिरडलेल्या स्नायूतूनच सी२ पेशी वाढवल्या. सी२सी१२ ही त्यांचीच पुढची शाखा.

सिरममध्ये नेमकं असं काय असतं? १९८७ मध्ये सिअ‍ॅटलच्या हाउश्का यांच्या गटाने दाखवलं, की एफजीएफ हे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन पेशीला स्नायूचं रूप घेऊ देत नाही. ते काढलं की ती विभाजन सोडून स्नायूची वाट धरते. त्याच वर्षी, त्याच शहरात, वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेने मायोडी हा जनुक शोधला. तो एकटा घातला तरी त्वचेत असतात तसल्या संयोजी (ऊती जोडणाऱ्या) पेशींचा स्नायू होऊ लागतो. म्हणजे आतली कळ आणि बाहेरचा हात, दोन्ही एका वर्षात सापडले. आयजीएफ हे इन्सुलिनसारखं वाढीचं प्रथिन मात्र अपवाद: ते आधी दुणावायला लावतं, मग रूप घ्यायलाही.

माझ्या मते सर्वात मोठा धक्का १९९७ चा. जॉन्स हॉपकिन्समध्ये मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी उंदरातला मायोस्टॅटिन जनुक बंद केला आणि स्नायू दुप्पट-तिप्पट वजनाचे झाले. हे प्रथिन स्नायू स्वतःच सोडतो. ते पेशीवरच्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) बसून, आत निरोप पोचवणाऱ्या स्मॅड प्रथिनांमार्फत स्नायूच्या पूर्वज पेशीला ‘आता पुरे’ सांगतं. त्याच वर्षी उलगडलं, की बेल्जियन ब्लू गायींमध्ये याच जनुकातली डीएनएची ११ अक्षरं गळालेली आहेत. पैदास करणाऱ्यांनी नकळत तोच ब्रेक काढला होता, आणि वासरं एवढी मोठी, की बऱ्याच गायींचं बाळंतपण सिझेरियननेच करावं लागतं.

माणसातही हा ब्रेक सोडवण्याचा प्रयत्न झाला. मायोस्टॅटिनला अडवणाऱ्या एका प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) स्नायुक्षयाच्या प्रौढ रुग्णांवरची चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली: औषध सुरक्षित होतं, पण ताकद वाढली नाही.